दोन उजळण्यांच्या मधे

पिकल्या केळ्यांच्या फणीवर घोंघावणारं चिलट आपण हाताने झटकून टाकतो. ती फळमाशी. तिचा मेंदू मिलिमीटरभरही नसतो आणि त्यात साधारण १ लाख ४० हजार चेतापेशी असतात; आपल्या डोक्यात त्या ८,६०० कोटींच्या घरात आहेत. पण या माशीलाही शिकवता येतं आणि तिची परीक्षाही घेता येते. थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. तिने सगळा अभ्यास एका बैठकीत उरकला, तर तो तिच्याही डोक्यात राहत नाही.

हे १९९४ साली दिसून आलं. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत टिम टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माश्यांना दोन वास हुंगायला दिले. एका वासाबरोबर विजेचा सौम्य झटका होता, दुसऱ्याबरोबर नव्हता. पुढे दोन्ही वास समोर ठेवले की शिकलेली माशी झटक्याच्या वासापासून दूर पळते. अशा दहा फेऱ्या झाल्या. एका गटाला त्या सलग दिल्या. दुसऱ्या गटाला दर दोन फेऱ्यांच्या मधे १५ मिनिटं नुसतं राहू दिलं. फेऱ्या तितक्याच, झटके तितकेच. सलग शिकलेल्या माश्यांची आठवण चारेक दिवसांत जवळजवळ पुसली गेली. मधे थांबलेल्या माश्या आठवड्यानंतरही त्या वासाला टाळत होत्या.

त्या १५ मिनिटांत माशीने काहीच केलं नव्हतं. वास नव्हता, झटका नव्हता, उजळणीही नव्हती. तरी फरक पडला तो नेमका त्या रिकाम्या वेळाने.

दहावीच्या घरात भिंतीवर वेळापत्रक लागतं, तेव्हा त्यात तास मोजलेले असतात. सकाळी दोन तास विज्ञान, दुपारी तीन तास गणित. किती तास बसलास, हा घरोघरचा प्रश्न. पण तोच धडा पुन्हा किती दिवसांनी हाती घ्यायचा, याचा रकाना सहसा कुठल्याच वेळापत्रकात नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की सगळ्यात कसदार काम त्या न आखलेल्या रकान्यात होत असतं.

हे पहिल्यांदा आकड्यांत पकडलं ते हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने. त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती आणि प्रयोगाला माणसंही नव्हती. म्हणून १८७९ मध्ये त्याने स्वतःवरच प्रयोग सुरू केले. पाठ करायला त्याने जवळपास २,३०० निरर्थक पदं तयार केली: एक व्यंजन, एक स्वर, पुन्हा एक व्यंजन. अर्थ मुद्दाम टाळला, कारण अर्थ आला की जुन्या आठवणी मदतीला धावतात आणि मोजमाप बिघडतं. मिनिटाला १५० ठोक्यांच्या तालावर तो ही पदं वाचायचा, न चुकता म्हणता येईपर्यंत. मग थांबायचा. वीसेक मिनिटं, एक तास, एक दिवस, एक महिना. आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागला ते मोजायचा. हे काम त्याने वर्षभर केलं, मग १८८३-८४ मध्ये पुन्हा केलं आणि १८८५ साली पुस्तक छापलं.

त्यातले आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करताना त्याचे ५८ टक्के कष्ट वाचले. तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के. म्हणजे उतार सुरुवातीलाच कड्यासारखा आणि मग सपाट होत गेलेला. पण एक महिन्यानंतरचा आकडा बघा: २१ टक्के. महिन्याभराने त्याला त्या यादीतलं बहुतेक काही आपणहून आठवत नव्हतं, तरी पाचव्या हिश्शाचे कष्ट वाचत होते. डोक्यात काहीतरी शिल्लक होतं, जे हाक मारल्यावर येत नव्हतं पण हात लावल्यावर जागं होत होतं. प्रिलिमच्या आधी 'माझं सगळं विसरायला झालंय' म्हणून रडवेल्या झालेल्या प्रत्येक मुलाला मी हा आकडा दाखवेन. सगळं विसरत नाही कुणी.

एका माणसाने स्वतःवर केलेल्या प्रयोगावर किती विसंबायचं, ही शंका रास्त आहे. २०१५ साली अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ती घेतली. त्यांच्यापैकी एकाने स्वतः ७० तास बसून तशाच याद्या पाठ केल्या, विसरल्या, पुन्हा पाठ केल्या. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, दुसऱ्या माणसाच्या डोक्यातून, जवळपास तीच वक्ररेषा निघाली.

एबिंगहाउसच्या पुस्तकात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि माझ्या मते विद्यार्थ्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोलाचा. बारा पदांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून दुसऱ्या दिवशी जो फायदा मिळाला, तोच त्याला आधीच्या तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांतून मिळाला. तीस आवर्तनं वाचली. ती कुणी केली? मधल्या रात्रींनी आणि मधल्या दिवसांनी.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पहिला दमदार पाऊस झाल्या झाल्या तो तिफण घेऊन धावत नाही. चिखलात पेरलेलं बी कुजतं. तो वाफसा यायची वाट बघतो. पाणी खाली मुरू देतो, जमिनीत हवा खेळू देतो आणि मग पेरतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते दिवस रिकामे वाटतात.

डोक्यात त्या रिकाम्या दिवसांत काय चाललेलं असतं, याचं एक उत्तर समुद्री गोगलगायीने दिलं. अ‍ॅप्लिसिया तिचं नाव. तिच्या सगळ्या शरीरात मिळून चेतापेशी साधारण वीस हजार, आणि त्यातल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एरिक कॅन्डल यांनी आयुष्याची कित्येक वर्षं या प्राण्यामागे घालवली आणि २००० साली त्यांना आणखी दोघांच्या जोडीने नोबेल मिळालं. त्यांचा प्रयोग ऐकायला साधा. गोगलगायीच्या शेपटीला एक झटका द्या. त्यानंतर अंगाला नुसता स्पर्श झाला तरी ती आपले कल्ले जोरात आत ओढून घेते. एका झटक्याने ही सावधगिरी काही मिनिटं टिकते. मधे मधे थांबून चार-पाच झटके दिले, तर ती काही दिवस टिकते.

या दोन आठवणी एकाच जातीच्या नाहीत. मिनिटांच्या आठवणीला फक्त आधीपासून असलेल्या जोडण्यांमधली रसायनं कमीजास्त व्हावी लागतात. दिवसांच्या आठवणीला बांधकाम लागतं. पेशीतून निघालेला संदेश केंद्रकापर्यंत पोचतो, तिथे क्रेब नावाचं प्रथिन काही जनुकं चालू करतं, नवी प्रथिनं तयार होतात, ती टोकापर्यंत वाहून नेली जातात आणि तिथे नव्या जोडण्या फुटतात. मोजणी केली तेव्हा दीर्घकाळ शिकवलेल्या गोगलगायीच्या एका संवेदी पेशीची टोकं सुमारे १,३०० वरून २,७०० च्या घरात गेलेली आढळली. शिकणं म्हणजे शरीरात खरोखर काहीतरी उगवणं. आणि उगवायला वेळ लागतो. एकामागून एक धडा आदळत राहिला म्हणून पेशीचा कारखाना दुप्पट वेगाने चालत नाही. माशीच्या त्या १५ मिनिटांत अशाच कामाची तयारी चालू असावी, आणि पुढची फेरी आली तेव्हा ती त्या तयारीवर पडली असावी.

हे समजल्यावर 'उजळणी' म्हणून आपण जे करतो त्याकडे जरा नीट बघायला हवं.

पुण्यातल्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रोडच्या आसपास अभ्यासिकांच्या रांगा आहेत. राज्यभरातून आलेली मुलं-मुली तिथे एमपीएससी, यूपीएससीची तयारी करत सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. तिथे उजळणी रिडिंगमध्ये मोजतात. 'लक्ष्मीकांतचं तिसरं रिडिंग चालू आहे', 'माझी चार झाली'. राज्यव्यवस्थेवरचं एम. लक्ष्मीकांत यांचं जाडजूड पुस्तक, त्यात पिवळ्या, मग गुलाबी, मग हिरव्या हायलायटरच्या रेघा. या मुलांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच पुढचा प्रयोग त्यांच्यापर्यंत पोचावा असं तळमळीने वाटतं.

अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे माहितीपर उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. सरासरी चौदा वेळा त्यांचं वाचन झालं. दुसऱ्या गटाला वाचायला एकच सत्र मिळालं, सरासरी साडेतीन वेळाही वाचून झालं नाही. उरलेली तीन सत्रं त्यांनी उतारा न बघता कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. चुका कुणी दाखवल्या नाहीत, उत्तरं कुणी सांगितली नाहीत. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि लिहिणारे ६१ टक्क्यांवर राहिले. चौदा वाचनांना तीन वाचनांनी मागे टाकलं.

याहून बोलका तपशील पुढे आहे. आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल, असं आधीच विचारलं होतं. सगळ्यात जास्त खात्री कुणाला होती? नुसतं वाचणाऱ्यांना. पुन्हा पुन्हा वाचलेलं पान ओळखीचं होतं, डोळे त्यावरून सहज सरकतात आणि मनाला वाटतं की हे आपल्याला येतंय. ओळखणं आणि आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेत पान समोर नसतं.

आता एखादी मुलगी लक्ष्मीकांत मिटून ठेवते आणि कोऱ्या पानावर समानतेचा हक्क लिहायला घेते असं समजा. कलम १४ ते १८. चौदा लगेच येतं: कायद्यापुढे समानता. सतराही येतं, अस्पृश्यतेचं निर्मूलन. महाराष्ट्रात वाढलेल्या मुलीला ते कलम विसरणं अवघडच. पंधरा आणि सोळा मात्र एकमेकांत मिसळतात. सरकारी नोकरीतली समान संधी पंधरात की सोळात? ती पेन थांबवते. पंधरा व्यापक असावं: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नाही. मग त्यातलीच खास बाब, नोकरी, सोळात. लिहिते. अठरा काही केल्या येत नाही. पुस्तक उघडायचा मोह होतो. ती अर्धा मिनिट तशीच बसते. मग कुठूनतरी आठवतं की भारतरत्न नावाच्या आधी किताबासारखं लावता येत नाही, आणि त्याला धरून कलम येतं: किताब रद्द.

ते अर्धं मिनिट तिला वाया गेल्यासारखं वाटलं असेल. पण पान वाचताना अठरावं कलम तिला पुस्तकाने दिलं होतं. या अर्ध्या मिनिटात ते तिने स्वतः शोधून काढलं, आणि शोधताना भारतरत्नापासून कलमापर्यंतचा दुवा घट्ट केला. पुढच्या वेळी तोच दुवा लवकर सापडेल. रॉबर्ट बियॉर्क या मानसशास्त्रज्ञाने अशा त्रासाचा आयुष्यभर अभ्यास केला. काही अडचणी शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडतात, असं त्यांचं म्हणणं. आठवायला जितके कष्ट पडतात, तितकी आठवण पक्की होते, फक्त शेवटी ती सापडायला हवी. म्हणून थोडंसं विसरू देणं गरजेचं. दहा मिनिटांपूर्वी वाचलेलं आठवायला कष्ट कमी पडतात, आणि म्हणून त्यातून मिळतंही कमी.

हे मोठ्यांपुरतंच नाही. १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर यांनी अमेरिकेच्या आयोवा राज्यात सहावीच्या ३,६०५ मुलांवर चाचणीचा असाच प्रयोग केला होता. उतारे होते शेंगदाणे आणि बांबू या विषयांवर. ज्यांची चाचणी वाचनानंतर लगेच झाली, त्यांना पुढे दोन महिन्यांनंतरही इतरांपेक्षा जास्त आठवत होतं. चाचणीने फक्त मोजलं नव्हतं, शिकवलंही होतं. आपण मात्र चाचणी म्हणजे निकाल असंच मानत आलो आणि मुलांना तिची धास्ती घातली, याचं वाईट वाटतं.

गणिताच्या बाबतीत आणखी एक वळण आहे. दहावीच्या महत्त्वमापनाच्या धड्यात शंकू, वृत्तचिती, गोल यांची गणितं येतात. मुलं शंकूची दहा सोडवतात, मग वृत्तचितीची दहा. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये फ्लोरिडात विद्यार्थ्यांना अशाच अनोळखी घनाकृतींची घनफळं काढायला दिली. एका गटाला एका आकाराची सगळी गणितं एकत्र, दुसऱ्याला सगळी सरमिसळ. सराव करताना पहिल्या गटाची ८९ टक्के बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६० टक्केच. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर कोसळला आणि सरमिसळवाले ६३ वर होते. कारण उघड आहे. शंकूची दहा गणितं ओळीने सोडवताना हे शंकूचं आहे का, हा प्रश्नच विचारावा लागत नाही. सूत्र हातात असतंच. कुठलं सूत्र लावायचं हे ओळखणं, जे परीक्षेत पहिलं काम असतं, त्याचा सराव होतच नाही. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' असतो. बरीच मुलं वेळ उरला तरच त्याकडे वळतात. मी असतो तर चार धड्यांचे संकीर्ण प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाकले असते आणि रोज हाताला येतील ते पाच सोडवले असते.

मग मधे किती दिवस जाऊ द्यायचे? याला अगदी नेमकं म्हणावं असं उत्तर २००८ साली निकोलस सेपेडा, हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. त्यांनी १,३५४ लोकांना फारशी कुणाला ठाऊक नसलेली माहिती शिकवली, वेगवेगळ्या अंतराने एकदा उजळणी करून घेतली आणि त्यानंतर आठवड्यापासून जवळपास वर्षापर्यंत थांबून परीक्षा घेतली. परीक्षा ७ दिवसांवर असेल तर एका दिवसाचं अंतर सगळ्यात फायद्याचं ठरलं. ३५ दिवसांवर असेल तर ११ दिवसांचं. ७० दिवसांवर असेल तर २१ दिवसांचं, आणि ३५० दिवसांवर असली तरी त्यांनी तपासलेल्या अंतरांत २१ दिवसच सरस. म्हणजे चांगलं अंतर असं एक ठरलेलं नाहीच. परीक्षा जितकी लांब, तितकं अंतर मोठं. आणि ठरलेल्यापेक्षा थोडं जास्त अंतर पडलं तर नुकसान कमी, फार कमी ठेवलं तर जास्त.

बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. समजा पाच-सहा आठवडे हातात आहेत. आज केलेला धडा उद्या परत वाचण्यापेक्षा, आज झोपण्याआधी पुस्तक मिटून त्यातलं पाच मिनिटं कागदावर उतरवावं आणि पुढची भेट दहाएक दिवसांनी ठेवावी. मधल्या दिवसांत दुसरे विषय. दहाव्या दिवशी तो धडा अर्धा पुसल्यासारखा वाटेल, जीव घाबरेल. तो घाबरा क्षण म्हणजे काम सुरू व्हायची खूण आहे. आधी कागद, मग पुस्तक, असाच क्रम ठेवायचा. उलटा केला की पुन्हा नुसतं वाचन होतं. यासाठी कॅलेंडरवर एक गोष्ट लिहावी लागते, जी आपण लिहीत नाही: धड्याच्या नावापुढे तो पुन्हा कधी उघडायचा ती तारीख.

हातात वेळ किती आहे, याचा आपला अंदाज मात्र जवळपास नेहमीच चुकतो. कॅनडात रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळं शक्य तितकं बिघडलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. सगळं बिघडेल असं धरून केलेला अंदाजही कमीच पडला. वेळापत्रक कोसळलं की मुलं स्वतःला आळशी म्हणवून घेतात. तसं म्हणण्याचं कारण नाही, माणसाचं मन भविष्याचा हिशेब असाच करतं. दर आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा सोडावा, मागे राहिलेल्यासाठी. तो भरणार, हे आधीच धरून चालावं.

तारखा लक्षात ठेवायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये एक लांबट खोकं सुचवलं. खोक्यात पाच कप्पे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. बरोबर आलं की कार्ड पुढच्या, जरा मोठ्या कप्प्यात; चुकलं की थेट पहिल्यात. कप्पा भरला की त्यातली कार्डं काढायची. पुढचा कप्पा मोठा असल्याने तो भरायला जास्त दिवस लागतात, आणि अंतर आपोआप वाढत जातं. येणाऱ्या गोष्टीवर वेळ जात नाही, न येणारी पुन्हा पुन्हा समोर येते. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे लावून हे कुणालाही करता येतं. आज मोबाइलवर चालणारी अँकीसारखी अ‍ॅप्स हेच गणित जास्त बारकाईने करतात.

हे सगळं सांगताना एक गोष्ट राहता कामा नये. एबिंगहाउसने निरर्थक पदांबरोबर बायरनच्या 'डॉन जुअन' काव्याची कडवीही पाठ करून पाहिली. तितक्याच लांबीच्या निरर्थक यादीच्या मानाने त्यांना एक दशांश कष्ट पुरले. अर्थाची ताकद एवढी. न समजलेलं कार्डावर लिहून घोकलं, तर दसपट किंमत मोजावी लागते. आधी समजून घ्यायचं, मग मिटून आठवायचं, मग थांबायचं.

आणि झोपायचं. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जॉन जेंकिन्स आणि कार्ल डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतच राहायला ठेवलं. ते दहा निरर्थक पदं पाठ करायचे, मग कधी झोपायचे, कधी दिवसाच्या कामाला लागायचे. आठ तास जागं राहिल्यानंतर दहातलं जेमतेम एखादं आठवायचं. आठ तास झोपेनंतर पाच-सहा. घड्याळ दोन्हीकडे सारखंच पुढे गेलं होतं. सत्तर वर्षांनी, १९९४ मध्ये, मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून ऐकलं, तेव्हा दिवसा फिरताना हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागातल्या ज्या पेशी एकत्र चमकल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चमकताना सापडल्या. झोपलेला उंदीर दिवसाचा रस्ता पुन्हा चालत होता. आदल्या रात्री जागून वाचलेला धडा या कामाला मुकतो, आणि आधीच्या दिवसांत वाचलेल्यांचाही थोडा वाटा त्या जागरणात जातो.

परीक्षेपलीकडे काय उरतं, हे शोधायला अमेरिकेतल्या हॅरी बाहरिक यांनी आपलं घरच कामाला लावलं. ते, त्यांची पत्नी आणि दोन मुली, असे चौघे. चौघांनी परभाषेतले प्रत्येकी ३०० शब्द पाठ केले आणि १४, २८ किंवा ५६ दिवसांच्या अंतराने त्यांची उजळणी केली, मग पुढे पाच वर्षांपर्यंत स्वतःची परीक्षा घेतली. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्यांनी जवळपास तेच दिलं, जे १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांनी दिलं होतं. याच बाहरिकांनी १९८४ मध्ये शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ लोकांना तपासलं. काहींना शिकून पन्नास वर्षं झाली होती. पहिली काही वर्षं भाषा गळत गेली, आणि मग गळती थांबली. जे उरलं ते पुढे पंचवीसेक वर्षं जवळजवळ तसंच राहिलं.

महाराष्ट्रात याचा पुरावा कुठल्याही जुन्या घरात मिळेल. दिवेलागणीला हातपाय धुऊन मुलं परवचा म्हणायची: पाढे, त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पुस्तक हातात नाही, रोज थोडंच, आज आणि उद्याच्या मधे अख्खी रात्र, आणि हे वर्षानुवर्षं. घरात किंवा शेजारी परवचा म्हणून वाढलेलं कुणी आजी-आजोबा असतील तर 'एकोणतीस सत्ते?' विचारून पाहा. आकडा बहुधा कागदाशिवाय येईल. मग त्यांना हेही विचारा, की हा पाढा त्यांनी शेवटचा कधी म्हटला होता.